अस्वलाच्या सिनेमातली बदकीण

माझ्या नातीने वर्गात उभं राहून सांगितलं की अस्वलाच्या सिनेमातल्या बदकिणीचा आवाज तिच्या आजीचा आहे. त्या दिवसापासून ती वर्गात शिरली की मागच्या बाकांवरून पॅक पॅक सुरू होतं.

हा सिनेमा तुम्ही पाहिलेला असणार. हाताने काढलेल्या चित्रांचा, जुना. आमच्या घरात त्याला त्याच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही, नुसतं ‘अस्वलाचा सिनेमा’ म्हणतात. एका पोरक्या अस्वलाच्या पिल्लाला म्हातारी बदकीण सांभाळते. पिल्लू मोठं होतं, तळ्यात मावेनासं होतं आणि शेवटी डोंगराकडे निघून जातं. त्यात बाकी सगळे प्राणी घडाघडा बोलतात, कासव तर भाषणं देतं. बदकिणीला मात्र शब्द नाहीत, नुसता आवाज आहे. पिल्लू वळणावर दिसेनासं होतं तेव्हा ती काठावरून एकदाच ओरडते. तिथे लोक रडतात. माझा मुलगा लहानपणी रडायचा, आता नात रडते. एकदा आमचं पाण्याचं मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस हातात पाना धरून उभ्याउभ्या रडला होता.

तर झालं असं. शाळेत मॅडमनी सांगितलं होतं, आपल्या आवडत्या सिनेमाबद्दल एकेक आश्चर्याची गोष्ट शोधून आणा. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी नातीच्याच वर्गात आहे. दोघी एका रिक्षाने शाळेत जातात, एकमेकींचा डबा खातात, आणि एकीचं कौतुक झालेलं दुसरीला बघवत नाही. दोघींनी हाच सिनेमा निवडला. समोरचीने मोबाइलवर शोधून भरपूर माल आणला. बर्फातून चालण्याचा आवाज म्हणजे साबुदाण्याच्या पोत्यावर कोणीतरी पाय आपटलेले आहेत. मुसळधार पाऊस म्हणजे तेलात सोडलेल्या पुऱ्या. पिल्लाच्या छातीवरची पांढरी चंद्रकोर एका प्रसंगात चित्रकार काढायलाच विसरला, आणि पुढच्या प्रसंगात काढली ती उलटी. सगळ्यात शेवटी तिने हुकमाचं पान टाकलं: बदकिणीचा आवाज खऱ्या बदकाचा आहे आणि तो आपल्या नागपूरच्या तलावावर रेकॉर्ड केलेला आहे. वर्गाने टाळ्या वाजवल्या. नागपूरचं नाव कुठेही आलं की आम्ही टाळ्या वाजवतो, मग विषय उन्हाचा असला तरी.

त्यानंतर माझी नात उठली आणि बोलली.

मॅडमनी दोघींचं ऐकून घेतलं, समोरचीचं फळ्यावर लिहिलं आणि नातीला समजुतीने म्हणाल्या, “आजी गंमत करत असतील हं.”

मॅडमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मला ओळखणारा कोणीही हेच म्हणाला असता.

नात घरी आली ती बूट न काढता माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“आजी, खरं सांग. तू बदक होती का?”

“होते ना.”

“नक्की?”

इथे मी पटकन हो म्हणायला हवं होतं. मी चष्मा पुसायला घेतला. पोरगी हुशार आहे, चष्मा स्वच्छ होता हे तिला दिसलं.

या मुलीला मी आजवर काय काय सांगितलेलं आहे. देशातली अंतरं जिथून मोजत तो आपल्या गावातला झिरो माइलचा दगड हा पृथ्वी बांधून ठेवायचा खुंटा आहे, तो हलला तर दिल्ली घसरत केरळात जाऊन पडेल. काटोलकडचे बागायतदार झाडावरची संत्री आधी सोलून बघतात आणि मग सालं परत घालून ठेवतात, म्हणून आपल्या संत्र्याचं साल इतकं सैल असतं. तिच्या बाबाच्या विमानतळाजवळच्या, मिहानमधल्या ऑफिसाशेजारी विमानांना अंगाला उटणं लावून आंघोळ घालतात. ती हसून ऐकते आणि मनात दोन ढीग करते, एक शाळेत सांगायच्या गोष्टींचा, दुसरा न सांगायच्या गोष्टींचा. शाळेत सांगायच्या ढिगात एकच गोष्ट होती, बदकिणीची. कारण ती मी सांगताना हसत नसे.

आणि ती खरी होती की नाही, हे मलाच माहीत नव्हतं.

हे नीट कळायला तुम्हाला त्या काळातल्या मला भेटावं लागेल. भेटण्यासारखं काही नाही, पण इलाज नाही. बी.ए. झालेली, कविता म्हणण्याच्या स्पर्धेत दोनचार कप मिळवलेली, नाक जरा वर धरून चालणारी नवी नवरी. इतवारीच्या बाजारात सासर. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. माझी अशी पक्की समजूत होती की माझा जन्म रेडिओवर बातम्या वाचण्यासाठी झाला असून वाटेत चुकून लग्न झालं. घरातले सगळे आपल्या नागपुरी वळणाने बोलत आणि मी एकटी बातम्या दिल्यासारखी. “आपण जेवून घेता का?” असं मी सासूबाईंना विचारलं की त्या माझ्याकडे बघून म्हणत, “पाहुणी आहे का वं तू? कधी जाशीन?”

त्या उन्हाळ्यात नवऱ्याचा आतेभाऊ मुंबईहून आला. तो सिनेमाचे आवाज भरायचा. सोबत ट्रंकेएवढं रेकॉर्डिंगचं मशीन. मुलांच्या एका कार्टून सिनेमासाठी त्याला बदकं हवी होती, आणि नागपूरच्या तलावांवर बदकं निवांत असतात असं त्याला कोणी सांगितलं होतं. दोन दिवस तो उन्हात काठावर बसून आला. नाक भाजून लाल झालं होतं. तिसऱ्या दिवशी जेवायला आमच्याकडे.

आता सिनेमाचा माणूस घरी जेवायला आल्यावर मी गप्प बसेन का. पाटवड्यांचा रस्सा वाढता वाढता मी सहज विषय काढला, म्हणजे सकाळपासून ठरवून काढला, आणि एक लांबलचक कविता म्हणून दाखवली. हातवारे करून, डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा त्याची वाटी रिकामी झाली होती.

“छान, वहिनी,” तो म्हणाला. “रस्सा आहे का अजून?”

मी रस्सा आणायला आत गेले ती फणफणत. आत नणंदेचं पोर जेवत नव्हतं. त्याला रोज बदक होऊन भरवावं लागे. एक घास, एक पॅक पॅक. त्या दिवशी मी रागात होते, अपमान झाला होता, वर पोर तोंड उघडेना. मी जो आवाज काढला त्यात ते सगळं आलं असावं. बाहेर पाटावर एकदम शांत झालं.

“ते काय होतं?” आतेभावाने विचारलं.

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “सून आहे आमची. तिले येतात असे चाळे. तू जेव.”

तो उष्ट्या हाताने उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. “वहिनी, तलावावरची बदकं मनाला येईल तेव्हा ओरडतात. मला दुःखी बदक पाहिजे होतं. दोन दिवसांत एक दुःखी झालं नाही.”

बातम्या वाचायला जन्मलेल्या बाईला बदक हो म्हणणं, याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. सिनेमा म्हटल्यावर मी शेळीसुद्धा झाले असते.

खालच्या गल्लीत दिवसभर ठोकाठोकी, हातगाड्या, हमालांच्या हाका. दुकानात तर बोललं तरी पितळ घुमायचं. म्हणून आम्ही आतली, हिवाळ्याच्या गाद्या ठेवायची खोली घेतली. भिंतींना गाद्या उभ्या लावल्या, दारावर रजई टाकली, पंखा बंद. नागपूरचा मे महिना. आत मी, आतेभाऊ आणि मशीन, आणि नवरा, कारण सासूबाईंचं म्हणणं पडलं की घरातला माणूस जवळ असावा. त्या स्वतः जिना उतरून गल्लीत गेल्या आणि हातगाडीवाल्यांना म्हणाल्या, “जराशीक थांबा गा. माझी सून बदक होऊन राहिली.”

गाड्या थांबल्या. इतवारीत त्याआधी आणि त्यानंतर कोणासाठी गाड्या थांबल्याचं मी ऐकलेलं नाही.

आतेभावाने कानांवर यंत्र चढवलं आणि म्हणाला, “वहिनी, तेवढ्या बांगड्या काढून ठेवा. वाजतात.”

माझ्या हातात लग्नाचा हिरवा चुडा होता, कोपरापर्यंत म्हणता येईल इतका. मी ताठ झाले. चुडा कोणी काढतं का. तो आपोआप वाढतो, तोवर हातात राहतो. बांगडी ‘फुटली’ असंसुद्धा आम्ही म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणतो. कॉलेजात असताना मी या सगळ्या रीतींवर मोठ्याने हसत असे. लग्न होऊन तीन महिने झाले होते आणि मी आजीबाईपेक्षा आजीबाई झाले होते.

मला वाटलं, सासूबाईंना धन्य वाटेल. त्या नुकत्याच जिना चढून धापा टाकत आल्या होत्या.

“काढ ना वं,” त्या म्हणाल्या. “साबण लावला का निघते. माझ्या तर भांडे घासता घासता दर आठवड्याले वाढतात. तुझा सासरा खाली बसून आहे धडधाकट, पाहून ये.”

“नाही,” मी म्हणाले. “मी चुडा काढणार नाही.”

“काहून?”

“रीत आहे.”

“रीत मले शिकवून राहिली?” सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. नवऱ्याने खिशातून पांढरा रुमाल काढला आणि माझ्या उजव्या हातातल्या बांगड्यांवर गुंडाळून घट्ट गाठ मारली. डाव्यावर सासूबाईंनी पदर धरून ठेवला. अशा रीतीने मी बदक झाले: एका हाताला रुमाल, दुसऱ्या हाताला सासू.

किती वेळा ओरडले ते आठवत नाही. घाम डोळ्यांत जात होता. आतेभाऊ म्हणे, “अजून थोडं लांबून. पिल्लू जातंय वहिनी, परत येणार नाही.” मी म्हणे, कोणतं पिल्लू. मला तर अजून पिल्लू नव्हतं. मग त्याने सांगितलं, माहेरची गाडी सुटते आहे असं समजा. तेव्हा मी उजवा हात लांब फेकला, जसा कवितेत फेकत असे, आणि ओरडले.

“झालं,” तो म्हणाला आणि मशीन बंद केलं.

सिनेमा आला तेव्हा मी अख्खी गल्ली घेऊन थिएटरात गेले. शेजारणी, त्यांची मुलं, दुकानातला मुनीम. बदकीण पडद्यावर ओरडली त्या क्षणी मी पडद्याकडे पाहत नव्हते. मी लोकांकडे पाहत होते, लोक माझ्याकडे पाहतात की नाही ते पाहत होते. नंतर नावं वर सरकू लागली, त्यात चहा देणाऱ्याचं नाव होतं, माझं नव्हतं. मी तोंड पाडून बसले.

“बदकाचं नाव कोण लिहिते वं?” सासूबाई म्हणाल्या. त्या तर रडल्याही होत्या. बदकिणीसाठी, माझ्यासाठी नव्हे.

पुढे काही वर्षांनी एका लग्नात आतेभाऊ भेटला. जेवणाच्या पंगतीत मी विचारलं, “माझाच आवाज होता ना हो शेवटी?” तो आठवू लागला. म्हणाला, “वहिनी, तुमचा चांगला आला होता. तलावावरचंही एक बरं आलं होतं. दोन्ही दिले मी. जोडकाम दुसऱ्याने केलं, त्याने कोणता लावला देव जाणे.” आणि जिलबी मागून घेतली. आता तो नाही, विचारायला कोणीच नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. गल्लीत मी बदकीण होते ती होतेच. सिनेमा टीव्हीवर लागला की मी शेजारी बोलावत असे, आणि तेव्हाही पडद्याकडे न बघता शेजाऱ्यांकडे बघत असे.

तर नात बूट घालून उभी होती आणि मी चष्मा पुसत होते.

“रविवारी तिला घरी बोलाव,” मी म्हणाले. “समोरचीला. अजून ज्या ज्या पॅक पॅक करतात त्यांनाही.”

“काय करशील?”

“सांबारवडी.”

“आजी.”

“आणि बदक होईन.”

रविवारी दुपारी तिघी आल्या, समोरची आणि तिच्या दोन मैत्रिणी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, तो पोटात गच्च भरून तळलेल्या वड्या मी समोर ठेवल्या. सांबारवडी खाल्लेला माणूस लगेच भांडत नाही, असा माझा अनुभव आहे. नवरा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन होता. तो पेपर वाचतो की पेपरमागे झोपतो, हे घरात कोणाला सांगता येत नाही.

मी उठले, पदर खोचला आणि ओरडले.

आता दातांची कवळी ही काही बदकासाठी बनवलेली वस्तू नव्हे. जो आवाज आला तो कुकरची शिट्टी अर्ध्यात बसावी तसा होता. मुली सभ्य होत्या, हसल्या नाहीत. नात खाली बघत होती. मी कवळी काढून वाटीत ठेवली आणि पुन्हा प्रयत्न केला. आता नुसती हवा गेली. समोरची अगदी हळुवारपणे म्हणाली, “आजी, छान आहे. पण सिनेमातलं बदक वेगळं आहे.”

नातीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. ती ते मैत्रिणींना दिसू नये म्हणून वडी तोंडात कोंबत होती. लहानपणी मी पण हेच करायचे, फक्त माझ्या तोंडात वडीऐवजी कविता असायची.

मी कवळी परत बसवली आणि अजून एकदा सर्व जोर लावून ओरडले. उजवा हात आपोआप लांब गेला. आवाज काही सुधारला नाही.

पेपरमागून नवरा बोलला. “तेव्हाही असाच हात फेकला होता तू. माझा रुमाल उडून मशीनवर पडला होता.”

“कोणता रुमाल, आबा?” नातीने विचारलं.

नवरा सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, “अहो, चूप बसा.” आयुष्यात त्याला मी इतक्या वेळा चूप बसवलं आहे, पण कामाचं कारण असलेली ही पहिलीच वेळ. रुमाल उडाला होता, म्हणजे चुडा मोकळा झाला होता. आणि त्या शेवटच्या ओरडण्यानंतर आतेभाऊ ‘झालं’ म्हणाला होता.

खऱ्या बदकाच्या हातात बांगड्या नसतात.

मी मुलाच्या खोलीत गेले. तो घरून काम करतो तेव्हा कानांवर मोठा हेडफोन चढवून बसतो, मग मी हाक मारली तरी त्याला ऐकू येत नाही, हा हेडफोनचा मुख्य उपयोग. तो घेऊन आले. नातीला लॅपटॉपवर सिनेमा लावायला सांगितलं, बदकीण ओरडते तो प्रसंग. आता हा सिनेमा स्वच्छ धुऊन पुसून परत आलेला आहे, पूर्वी टीव्हीवर पावसाची रिपरिप ऐकू यायची तशी खरखर राहिलेली नाही.

नात हेडफोन घ्यायला पुढे झाली. मी तो समोरचीच्या डोक्यावर ठेवला. नातीने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर मी माघार घेतली असती.

“डोळे मीट,” मी समोरचीला म्हटलं. “बदकाकडे लक्ष नको देऊ. बदकाशिवाय अजून काय ऐकू येतं ते सांग.”

तिने डोळे मिटले. प्रसंग सरकला. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, पडद्यावर पिल्लू वळणावरून गेलं आणि बदकिणीची चोच उघडली.

“पाणी आहे,” समोरची म्हणाली. “वारा आहे. आणि...” ती थांबली. “परत लाव.”

नातीने परत लावलं.

“काहीतरी वाजून राहिलं. बदक ओरडते ना, तेव्हाच. लगेच बंद होते.”

“कशासारखं वाजतं?”

तिने डोळे आणखी घट्ट मिटले. खोटं बोलायचं तिला काही कारण नव्हतं, उलट न बोलण्याचंच कारण होतं. “आमची आजी पोळ्या लाटते ना, तसं,” ती म्हणाली. “बांगड्या.”

उरलेल्या दोघींनी हेडफोन ओढून घेतला. पहिली म्हणाली हो, बांगड्याच. दुसरी म्हणाली भरपूर आहेत. समोरची भुवया आवळून बसली होती. मोबाइलवरचं आणि कानातलं यांचा मेळ तिच्या डोक्यात बसत नव्हता.

“पण बदकाच्या हातात बांगड्या कशा असतील?” ती म्हणाली.

“नसतात ना,” नात म्हणाली. आवाज अगदी हळू. “म्हणून ते बदक नाही.”

मग नवऱ्याला बोलायची परवानगी मिळाली. त्याने रुमालाची गोष्ट पेपर बाजूला ठेवून सांगितली, सासूबाईंचं साबणाचं बोलणं, थांबलेल्या हातगाड्या, सगळं. मुली हसून लोळल्या. शेवटी तो म्हणाला की रुमाल चांगला होता आणि त्याला तो परत मिळाला नाही.

सोमवारी समोरचीनेच वर्गात सांगितलं. हे मला आवडलं. नातीने सांगितलं असतं तर पुन्हा आजी गंमत करत असतील. मॅडमनी मुलांना शांत बसवून तो प्रसंग मोठ्या स्पीकरवर लावला म्हणे, आणि ऐकू आल्यावर फळ्यावरचं खरं बदक पुसून तिथे ‘बदकिणीच्या बांगड्या’ असं लिहिलं. पॅक पॅक बंद झालं. त्याचा एक तोटा मात्र झाला. त्या वर्गातल्या एकाही मुलाला आता त्या प्रसंगात रडू येत नाही. बदकीण चोच उघडते आणि सगळे कान टवकारून बांगड्यांची वाट बघतात. एवढा चांगला रडका प्रसंग, मी तीन महिन्यांच्या नवरीच्या हट्टापायी त्याची वाट लावून ठेवली होती, ते उघडकीला यायला इतकी वर्षं लागली, एवढंच. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, साबण लावला असता तर.

हेडफोन मीही लावून पाहिला. आवाज वाढवता येईल तेवढा वाढवला. बदक ऐकू आलं, पाणी ऐकू आलं. बांगड्या नाही आल्या. बारीक आवाज माझ्या कानांनी कधीच सोडून दिले आहेत, डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी मनावर घेतलं नव्हतं. नातीला मी काही बोलले नाही, पण तिला कळलं. तिने प्रसंग मागे नेला, माझा उजवा हात धरून माझ्याच कानाजवळ आणला, आणि बदकिणीने चोच उघडली तेव्हा मनगट गदागदा हलवलं. हातात आता दोनच बांगड्या असतात, त्या वाजल्या.

“इथे,” ती म्हणाली. “आलं ऐकू?”

“आलं.”

त्या प्रसंगात मी पहिल्यांदाच बदकिणीकडे बघत होते. चांगली काढली आहे. मान थोडी लांब आहे.

नात माझा हात न सोडता विचारात पडली होती. तिच्या डोक्यात दोन ढिगांची उलथापालथ चालली आहे हे मला दिसत होतं.

“आजी,” ती म्हणाली, “मग झिरो माइलचं पण खरं आहे?”

मी म्हणाले, “तुला काय वाटतं?”

दोन दिवसांनी दुपारी शाळेतून फोन आला. मॅडम होत्या. या वेळी पृथ्वीचा खुंटा फळ्यावर लिहायच्या आधी त्यांनी विचारून घ्यायचं ठरवलं होतं. फोन नवऱ्याने उचलला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि विचारलं, “तुम्ही हलवून पाहिला का, मॅडम?”